कागदकाकू आणि घरगाडीतली ओल

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. सुतारकामात एकतीस वर्षं गेली, त्यातली एकवीस याच वर्कशॉपमध्ये, आणि माझ्या कामात कुणी खुसपट काढलं की माझं डोकं फिरतं. आमच्याकडे घरगाड्या येतात. घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर. ट्रकएवढी गाडी, तिच्यात पलंग, ओटा, बेसिन, न्हाणी, पाण्याची टाकी, सगळं दाटीवाटीने बसवलेलं. त्यातलं लाकडाचं काम माझं. मालक मला 'मिस्त्री' म्हणतात आणि शक्यतो लांबूनच बोलतात. अशा माझ्यासारख्या माणसाने एका बाईपुढे मनापासून हात जोडले, त्याची ही हकिगत.

त्या बाईंना या धंद्यातले सगळे कागदकाकू म्हणतात. साठी ओलांडलेल्या, बुटक्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. कामाला येतात ती एक कापडी पिशवी घेऊन. तिच्यात हवा भरायचा हातपंप, त्याला जोडलेलं काट्याचं मीटर, साबणाच्या पाण्याची बाटली, दाढीचा एक ब्रश, टॉर्च, पेन्सिल, आणि टिश्यू पेपरचे चार रोल. त्या रोलमुळे हे नाव पडलं. घरगाडीतली पाण्याची गळती शोधायची, एवढंच त्यांचं काम. दुरुस्तीला त्या हात लावत नाहीत. त्यांच्याबद्दल मी बरंच ऐकून होतो, आणि जितकं ऐकलं तितकं मला वाटायचं की लोकांना कौतुकाला विषय मिळत नाहीत. नळ ठिबकतोय का बघायला कसली आलीय विद्या?

त्या शनिवारी त्या आल्या माझ्या ताईच्या गाडीसाठी.

ताई आणि भावजींची ही घरगाडी नऊ वर्षांपूर्वीची. भावजी शाळेत भूगोल शिकवायचे. जन्मभर नकाशावर काठी फिरवली, आता जाऊन बघू, म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली. आतलं सगळं लाकूडकाम मी स्वतः केलं, बहिणीची गाडी म्हणून जरा जास्तच मन लावून. पाच वर्षं दोघं हिंडले. मग भावजींना विसर पडायला लागला. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. घरी फ्लॅटमध्ये ते बावरायचे, संडास समजून कपाटाचं दार उघडायचे. पण गाडीत शांत असायचे, कारण तिथे सगळं हाताच्या अंतरावर आणि हाताला पाठ. म्हणून ताई साठीत ती अवाढव्य गाडी चालवायला शिकली आणि फ्लॅटला कुलूप लावून दोघं गाडीतच राहायला लागले. माझी बहीण आहे म्हणून सांगत नाही, पण असल्या बायका आता होत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी ओल सुरू झाली. गाडी कुठे नेली आणि थांबवली की भावजींच्या खुर्चीपाशी जमीन ओली. ताईला वाटलं पेल्यातून सांडतात. तिने पेला बंद केला. तरी ओल. मग तिला जे वाटलं ते तिने मला फोनवर सुद्धा नीट सांगितलं नाही, नुसतं म्हणाली, "वय झालं की होत असेल रे असं." मी जाऊन सगळे जोड हाताने चाचपले, सगळं कोरडं ठणठणीत. मी छातीठोकपणे सांगितलं, "पाइपात काही नाही ताई. भावजींकडूनच होत असणार." त्या दिवसापासून ती त्यांच्यावर चिडायला लागली. आणि ते? त्यांना काही आठवायचं नाही, त्यामुळे नाही तरी कसं म्हणणार? "माझ्याकडूनच झालं असेल," म्हणायचे आणि वाकून पुसायला लागायचे. परीटघडीचा माणूस तो, प्रवास असला की आदल्या संध्याकाळपासून पाणी प्यायचा बंद झाला. शेवटी ताईने हात टेकले. विसर पडलेल्या माणसांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत त्यांच्यासाठी अर्ज केला. सोमवारी खाट रिकामी होणार होती. गाडी विकायची ठरली, आणि विकण्याआधी गळतीची तपासणी करून घ्यायची मालकांची रीत, म्हणून कागदकाकू.

आल्या आल्या काकूंनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि ताईला म्हणाल्या, "ओल कुठे दिसते ते मला सांगू नका."

ताई सांगायला तोंड उघडत होती, ती तशीच थांबली. मी म्हणालो, "मग शोधणार कसं? पत्रिका बघून?"

"तुम्ही जागा सांगितलीत मिस्त्री, की मी तिथेच बघत बसेन. पाणी निघतं एकीकडे, दिसतं दुसरीकडे. मला फक्त कधी दिसते ते सांगा."

"गाडी चालवून कुठे पोचलो की," ताई म्हणाली. मग भावजींकडे बघून तिने आवाज खाली आणला. "पण ती गळती नाही हो. ती ह्यांच्याकडून होते. म्हणून तर..."

काकूंनी पिशवीतून काढलेला रोल परत आत ठेवला. "माझं काम होईपर्यंत घरातल्या कुणावर आळ घ्यायचा नाही. हे जमणार असेल तर मी आत जाते, नाहीतर निघते."

असं तोंडावर बोलणारी बाई मी पहिल्यांदा बघितली. ताईने मान हलवली. काकूंनी भावजींना अंगणात सावलीत खुर्ची द्यायला लावली, मालकांना त्यांच्याशेजारी बसवलं, आणि सांगितलं, "मी म्हणेपर्यंत ह्यांना गाडीत पाय ठेवू द्यायचा नाही."

मग त्यांनी काम सुरू केलं, आणि मी दारात उभा राहून बघत होतो, चूक सापडते का ते. ओट्याखालची, पलंगाखालची, न्हाणीमागची सगळी फळकुटं त्यांनी काढायला लावली. पाण्याचा एकेक जोड फडक्याने पुसला, प्रत्येकाभोवती टिश्यूची पट्टी गुंडाळली आणि पट्टीवर पेन्सिलीने आकडा घातला. चौतीस जोड. या गाडीचं लाकूड मी बसवलं आणि मला विचारलं असतं तर मी वीस सांगितले असते. त्यानंतर भिंतींच्या पायथ्याशी, जिथे जोडच नव्हते तिथेही, त्यांनी लांब पट्ट्या अंथरल्या. गुडघ्यावर बसून, सबंध गाडीभर, तासभर. मधे एकदा कमरेला हात लावला तेवढाच.

टाकी भरली, सगळे नळ बंद केले आणि विजेचा पंप चालू केला. या पंपाचं असं असतं की पाइपात दाब भरला की तो आपोआप गप्प होतो, आणि दाब कमी झाला की परत घुरघुरतो. तो गप्प झाला. काकू पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या. वीसेक मिनिटांनी पंप मधूनच एकदा घुर्र करून थांबला.

"सापडली," मी म्हणालो. "सगळे नळ बंद आहेत आणि पंप चालला. म्हणजे पाणी जातंय."

"जातंय, पण कुठे?" त्यांनी पंपाच्या पुढची चावी बंद केली आणि पुढच्या पाइपाला मीटर लावलं. काटा हलेना. "पंपाच्या आतली झडप सैल आहे. पाणी उलटं टाकीत जातंय, बाहेर नाही. यापायी लोक अख्खी भिंत फोडतात."

मी एकदा फोडली होती. ते मी बोललो नाही.

मग त्यांनी पाइपांतलं पाणी काढून टाकलं आणि हातपंपाने हवा भरली. मीटरचा काटा कुठे आहे तिथे काचेवर पेन्सिलीने रेघ ओढली आणि म्हणाल्या, "आता एक तास." आम्ही दोघं गाडीच्या पायरीवर बसलो. मी विचारलं, हे सगळं शिकलात कुठे?

वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्या म्हणाल्या. सात-आठ वर्षांच्या असल्यापासून घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायचं काम त्यांच्याकडे. पुढे घरगाड्या बनवणाऱ्या एका कारखान्यात लागल्या. एकोणीस वर्षं तिथे दाबाची तपासणी केली. तासभर काटा हलला नाही की गाडी पास, कागदावर त्यांची सही. "कारखान्यात माझ्या हातून एकही गळकी गाडी गेली नाही, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचे," त्या म्हणाल्या. "फार मिजास होती मला."

मला उगाच खोकला आला.

"मग एका कुटुंबाची तक्रार आली. पोरीचं अंथरूण ओलं होतंय. आमचा फोरमन म्हणाला, पोरगीच करत असेल. आईबापांनाही तेच वाटलं. पोरगी सात वर्षांची. तिला ओरडले, मारलं, चारचौघांत सांगितलं. पाच महिने. पुढे ती गाडी दुसऱ्याच कामाला आली, तेव्हा कळलं की तिच्या पलंगाच्या वर पाइपाला चीर होती. गाडी उभी असली की मिटायची, चालली की उघडायची. आणि आम्ही गाड्या तपासायचो त्या उभ्या. सही माझी होती."

"मग?"

"मी त्या पोरीकडे गेले. समोर बसून सांगितलं की बाळा, तू नव्हतीस, मी होते. ती माझ्याकडे बघतच राहिली. तोपर्यंत तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पाइप दुरुस्त केला, गादी बदलली, आणि पोरीला सांगायचं राहून गेलं." त्यांनी चष्मा पुसला. "त्या महिन्यात मी कारखाना सोडला. तेव्हापासून हे असं फिरते."

एकतीस वर्षांत मी कुणाकडे जाऊन, माझं चुकलं, असं म्हणालो नव्हतो, आणि ही बाई ते इतकं सरळ सांगत होती, जणू पंपाचं काहीतरी सांगतेय.

तास झाला. आम्ही तिघं आत गेलो. काटा पेन्सिलीच्या रेघेवर, केसाइतकाही ढळला नव्हता. चौतीसच्या चौतीस पट्ट्या कोरड्या. हवेत काही नाही, पाण्यात काही नाही. ताई मीटरकडे बघत उभी होती. मला वाटतं सकाळपासून ती मनातून देव पाण्यात घालून बसली होती, की गळती सापडू दे. तिचा चेहरा पार उतरला.

"म्हणजे तेच," ती म्हणाली.

"अजून माझं काम झालेलं नाही," काकू म्हणाल्या. "आत्ता फक्त उभी गाडी झाली. आता हलवायची. आणि तुम्हीच चालवा, रोज चालवता तशी."

टाकीत त्यांनी खाण्याच्या लाल रंगाची पूड टाकली. ती कशाला, ते विचारायची माझी छाती झाली नाही. पाइप परत पाण्याने भरले, पंप चालू ठेवला, आणि काकू गाडीच्या मधल्या बोळात सरळ आडव्या झाल्या, कान जमिनीला, टॉर्च छातीवर. त्यांच्या वयाची बाई. मी पलंगाला धरून बसलो. ताईने वर्कशॉपमागच्या खडीच्या मैदानात गाडी घातली. खड्डे, गतिरोधक, डावं वळण, उजवं वळण. आतली भांडी नाचत होती, माझी हाडं खिळखिळी झाली, आणि त्या खालून शांतपणे सांगत होत्या, "परत डावीकडे. अजून एकदा. आता जरा जोरात." अर्धा तास. मी जन्मात अनेक कारागीर बघितले, पण आपल्या कामापुढे स्वतःच्या हाडांची अशी पर्वा न करणारं माणूस मी बघितलं नव्हतं.

गाडी थांबली तेव्हा त्या उठल्या, केसांतली धूळ झटकली आणि टॉर्च घेऊन एकेक पट्टी बघत निघाल्या. एक कोरडी, दोन कोरडी, अकरा, वीस, चौतीस कोरडी. मग भिंतीच्या पायथ्याच्या लांब पट्ट्या. कपड्यांच्या कपाटापाशी त्या थांबल्या आणि त्यांनी मला टॉर्च धरायला दिला.

पांढऱ्या कागदावर नखाएवढा गुलाबी डाग होता. आम्ही बघत असतानाच तो पसरून रुपयाएवढा झाला.

दोन वर्षं जे कुणाला दिसलं नाही, मला दिसलं नाही, ते त्या बाईने एका कागदाच्या पट्टीवर आणून ठेवलं होतं. ताई स्टिअरिंगवरून उठून मागे आली. "ही तर ह्यांच्या खुर्चीची जागा," ती म्हणाली.

"ते कुठे आहेत?" काकूंनी विचारलं.

"बाहेर. सकाळपासून."

"आणि डाग टाकीतल्या पाण्याचा आहे. रंग बघा." काकूंनी पट्टी तिच्या हातात दिली. "म्हणजे हे त्यांनी केलेलं नाही."

ताई खाली बसली, तिथेच, ओल्या जमिनीवर. पट्टी मांडीवर धरून ती त्या डागाकडे बघत राहिली.

मी मात्र अजून माझ्या तोऱ्यात. "त्या कपाटामागे जोड नाहीये," मी म्हणालो. "अखंड पाइप आहे. भिंत मी बसवलीय, मला पाठ आहे."

"म्हणूनच तुम्ही उघडा," काकू म्हणाल्या.

मी उघडली. एकेक स्क्रू काढला, फळी बाजूला सरकवली. पाच स्क्रू नीट सुटले. सहावा फिरताना जड गेला, आणि तो बाहेर येताच मागून लाल पाण्याची बारीक चिळकांडी माझ्या मनगटावर उडाली. काकूंनी हात लांब करून पंप बंद केला.

स्क्रू पाइपात घुसलेला होता. मी नऊ वर्षांपूर्वी घुसवलेला. बाकीचे पाच आखूड होते, हा एकच लांब. मला तो दिवस लख्ख आठवला. आखूड स्क्रू संपले होते, दुकान लांब होतं, आणि आत कोण बघायला जातंय म्हणून मी डब्यातला हाताला लागला तो मारला. त्याने भोक पाडलं आणि स्वतःच बुजवून टाकलं. सात वर्षं तो बुचासारखा बसून राहिला. मग टोक गंजून बारीक झालं, आणि वळणावर गाडीचं अंग पिळलं गेलं की तिथून थोडं थोडं पाणी सुटायला लागलं. गाडी उभी राहिली की परत घट्ट. मी स्वतः जाऊन जोड चाचपले होते. मी स्वतः भावजींचं नाव सांगितलं होतं.

काकूंनी तो स्क्रू टॉर्चच्या उजेडात फिरवून बघितला. बाजूच्या पाचांशी लांबी जुळवली. त्यांना सगळं कळलं, माझ्या तोंडाकडे न बघता कळलं. पण ताईकडे वळून त्या एवढंच म्हणाल्या, "भिंतीतला पाइप आहे. सापडलं." स्क्रू त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माझं काम गळती शोधायचं. बाकीचं तुम्ही बघा. पण ज्याच्यावर आळ होता त्याला समोर बसून सांगायचं राहू देऊ नका. ते विसरतील, तरी सांगा."

वाटलं होतं मूग गिळून गप्प बसावं. पाइप बदलला की झालं, कोण विचारतंय. पण ती बाई गुडघ्यावर बसून चौतीस पट्ट्या एकेक करून सोडवत होती, आणि तिच्यासमोर गप्प बसणं मला जमेना.

"ताई, स्क्रू माझा आहे," मी म्हणालो. "लांब होता. मला माहीत होतं."

मला वाटलं ती माझ्या थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे बघत होती, पण तिला मी दिसत होतो असं वाटलं नाही. "दोन वर्षं मी त्यांना काय काय बोलले रे," ती म्हणाली. "काय काय बोलले." मग तिने उठून खिशातून फोन काढला, संस्थेला लावला, आणि सोमवारची खाट नको म्हणून सांगितलं. कारण विचारलं असावं. ती म्हणाली, "आमची चूक झाली होती."

आम्ही अंगणात गेलो. भावजी खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर, शर्टाची वरची गुंडी लावलेली. मी खडीवरच त्यांच्यासमोर बसलो, काकू त्या पोरीसमोर बसल्या असतील तसा.

"भावजी, गाडीत जे पाणी व्हायचं ना, ते तुम्ही करत नव्हता. एकदाही नाही. माझ्या कामात चूक होती, पाइप गळत होता. मी सांडलं ते सगळं."

त्यांनी नीट ऐकून घेतलं. शिकवताना पोरांकडे बघायचे तसे माझ्याकडे बघत होते. मग इकडेतिकडे नजर टाकून ते पुढे वाकले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "असू दे, होतं असं. मी पुसून टाकतो. फक्त हिला सांगू नकोस, ती फार रागावते."

ताई माझ्या मागेच उभी होती.